खेजडीच्या मुळाशी

मृगाचा पाऊस पडून गेला की मारवाड-शेखावाटीच्या वाळूतून तिन्हीसांजेला एक थोराड भुंगेरा वर येतो. गडद तपकिरी अंग, दोन-तीन इंच लांबी, दातेरी मिशा आणि दणकट जबडा. अंधार पडला की तो उडतो आणि घरादारांच्या दिव्यांवर येऊन आपटतो. शास्त्रज्ञ त्याला ‘अकॅन्थोफोरस सेराटिकॉर्निस’ म्हणतात. आपल्या कोकणात आंबा-काजूचे बागायतदार ज्याला भिरूड म्हणून ओळखतात, त्याच्याच कुळातला हा. राजस्थानात मात्र त्याचं नाव एकाच झाडाबरोबर घेतलं जातं, ते म्हणजे खेजडी. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी हीच.

मादी झाडाच्या बुंध्याजवळ जमिनीत अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरट अळी मुळात शिरते आणि काही वर्षं तिथेच लाकूड खात वाढते. खोड पोखरणारा किडा निदान भुसा बाहेर टाकतो. तो पाहून शेतकरी सावध होतो. इथे सगळा कारभार जमिनीखाली. वर डोलारा हिरवा दिसत असतो आणि खाली मुळं पोकळ होत असतात. शेंड्याच्या फांद्या सुकायला लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. पोखरलेल्या मुळांना गॅनोडर्मा नावाची बुरशी गाठते. पावसाळ्यात बुंध्याशी तिची तांबूस, चकचकीत छत्री उगवलेली दिसली, की ते झाड बहुधा हातचं गेलेलं असतं.

झुंझुनू, सीकर, चुरू, नागौर, जोधपूर या पट्ट्यात खेजड्या अशा वाळत गेल्या, तेव्हा जोधपूरच्या ‘काजरी’ (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था) आणि शुष्क वन संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यांची मुळं उकरून पाहिली. अळी आणि बुरशी सापडलीच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. भुंगेरा या वाळवंटातला जुना रहिवासी आहे, खेजडीही जुनी. मग झाडं आताच का हरू लागली?

उत्तराचा एक भाग कुऱ्हाडीत आहे. खेजडीचा पाला, म्हणजे तिकडची ‘लूंग’, शेळ्या-उंटांचा हिवाळ्यातला आधार. त्यासाठी दरसाल फांद्या छाटतात. या कामाला छांगाई म्हणतात. काही फांद्या राखून छाटलं तर झाड सावरतं. वर्षामागून वर्ष ते पूर्ण बोडकं केलं, तर मुळांना पोसायला अन्न कुठून येणार? शिवाय ताज्या कापांतून ‘डेरोलस’ नावाचा दुसरा, लहान भुंगेरा फांदीत शिरतो. दुसरा भाग ट्रॅक्टरच्या नांगरात आहे. तो बुंध्यालगत फिरतो, वरची मुळं तोडतो आणि त्या जखमा बुरशीला दार उघडून देतात. तिसरा भाग कूपनलिकांत. खेजडीचं सोटमूळ तीस मीटरपर्यंत जाऊ शकतं, पण शेखावाटीतलं पाणी उपशाने आणखी खोल पळालं आहे. तहानलेल्या, उपाशी झाडाला अळीशी झुंजायला बळ उरत नाही. म्हणून सगळं खापर भुंगेऱ्यावर फोडणं मला पटत नाही.

या झाडाची किंमत मरुभूमीने कधीच ओळखली होती. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी खेजड्यांना मिठी मारून प्राण दिले. विक्रम संवत 1956च्या दुष्काळात, म्हणजे ‘छप्पनिया’त, माणसांनी तिच्या सालीचं पीठ करून खाल्लं. तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट जोमाने येते. शेंगा म्हणजे सांगरी. तिची भाजी लग्नाच्या पंगतीतही मानाने वाढली जाते.

उपाय अवघड नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रकाशसापळे लावून भुंगेरे अंडी घालण्याआधीच पकडायचे, लागण झालेल्या झाडाच्या आळ्यात कीटकनाशक आणि बुरशीनाशक घालायचं, मेलेल्या झाडाची मुळं खणून जाळायची, छाटलेल्या जागी बुरशीनाशक लेप लावायचा. पण तेवढ्यावर भागणार नाही. उंटाच्या नांगराने शेत कसताना शेतकरी आपोआप उगवलेलं रोप वळसा घालून राखायचा. ट्रॅक्टरचा फाळ ते बाजरीच्या धसकटांबरोबर उलथून टाकतो. म्हाताऱ्या खेजड्या अळीने जात आहेत आणि त्यांच्या जागी कोवळी खेजडी उभीच राहत नाही. माझ्या मते खरी मोजदाद व्हायला हवी ती या रोपांची, शेताशेतात, दर पावसाळ्यानंतर.