भुतांची उधारी

2024 साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. पहाटे उटणं लावून, अंगठ्याखाली कारीट चिरडून झालं, आणि संध्याकाळी मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधली काळे झगे घातलेली, तोंडाला लाल रंग फासलेली पोरं दिसायला लागली. नवीन जालन्यात भोपळा अजून भाजीपुरताच आहे. इथे त्या दिवसांत पेढीवर वेगळीच लगबग असते. सळईचा व्यापार असो, बियाण्यांचा असो की मोंढ्यातली अडत असो, लक्ष्मीपूजनाला वही पुजायची असते, आणि त्याआधी कोणाकडे किती येणं राहिलंय ते काढावं लागतं. हिशेब आता संगणकात असतो, पण पूजेला लाल कापडाची वहीच लागते.

ते वर्ष पडद्यावरही भुतांचं होतं. जूनमध्ये ‘मुंज्या’ आणि ‘अल्याड पल्याड’, 15 ऑगस्टला ‘स्त्री 2’, 13 सप्टेंबरला ‘तुंबाड’ पुन्हा थेटरात, आणि 1 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘भूलभुलैया 3’. दिवाळीत भुताचे सिनेमे कसले बघता, असं म्हणणाऱ्यांनी पंचांग उघडावं. आश्विन वद्य चतुर्दशीला बंगाली घरांत भूत चतुर्दशी असते. चौदा पालेभाज्या खाऊन चौदा दिवे लावतात. आपल्याकडे धनत्रयोदशीला यमासाठी दिवा लावून त्याची वात दक्षिणेकडे करतात. आणि लक्ष्मी घरात येते ती अमावास्येलाच. या दिवसांत मेलेल्यांची आठवण काढायला हॅलोवीनच्या माहेराहून, आयर्लंडहून, कोणी यायची गरज नव्हती.

तरी हॅलोवीनच्या सिनेमापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या भुतांचं वेगळेपण त्याच्याशेजारी ठेवल्यावर नीट दिसतं. जॉन कारपेंटरचा ‘हॅलोवीन’ 1978 चा. तो कॅलिफोर्नियात ऐन वसंतात चित्रित झाला, म्हणून पानगळ दाखवायला कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरावी लागली. खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंगवलेला. एवढ्या काटकसरीत बनलेला हा सिनेमा आजही घाबरवतो, कारण खुनी मायकेल मायर्स लोकांना का मारतो ते कळत नाही. त्याने मारलेल्या पोरींनी त्याचं काही बिघडवलेलं नसतं. 1981 च्या दुसऱ्या भागात नायिका त्याची बहीण निघते आणि भीती तिथेच निम्मी होते. नातं आलं की कारण आलं, आणि कारण कळलं की माणूस थोडा सावरतो.

मराठी भुताचं बरोबर उलटं. ते नात्याशिवाय येतच नाही. ते वसुलीला येतं.

लोककथांमधली भुतांची यादी बघा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. धनावर जीव ठेवून किंवा निपुत्रिक गेलेला ब्राह्मण समंध, आणि खवीस मुसलमानाचा. मेल्यावरही जात, धर्म, लिंग सुटत नाही, आणि जगताना काय मिळायचं राहिलं त्यावरून भुताचा प्रकार ठरतो. संसार राहिला, मूल राहिलं, पैसा राहिला. या यादीइतका स्पष्ट समाजाचा ताळेबंद कुठल्या गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही. बाळंतपणात मेलेल्या बाईची भीती का वाटावी, याचं उत्तर तिला कसं वागवलं होतं यातच आहे.

‘तुंबाड’ याच हिशेबावर उभा आहे. त्याच्या निर्मितीची गोष्ट सिनेमाइतकीच लांबलेली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली, तीच डोक्यात बसली. 2012 मध्ये चित्रीकरण सुरू झालं, बराच भाग पुन्हा चित्रित झाला, आणि आभाळाचा राखाडी रंग खरा हवा म्हणून अनेक पावसाळे त्यात गेले. 2018 मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा सिनेमा ठरला, ऑक्टोबरमध्ये इथे लागला, आणि लोकांनी तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवली. सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. वाड्याचं चित्रीकरण सासवडला झालं. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून आलं.

त्यातला हस्तर हा दैत्य कुठल्या पोथीत आहे, असं पुष्कळांनी विचारलं. तो आपल्या कुठल्याच पोथीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अम्ब्रोस बिअर्स या अमेरिकन लेखकाने एका मेंढपाळाच्या गोष्टीत ‘हस्तुर’ नावाचा देव आणला, तोही मेंढपाळांना सांभाळणारा सौम्य देव. पुढे रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं, मग लव्हक्राफ्टने, आणि त्यांच्या परंपरेतून ते स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या आजीच्या गोष्टीत आलं. त्या गोष्टीवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली, आणि धारपांच्या गोष्टीवरून बर्व्यांनी सिनेमा केला. मेंढ्या राखणारा देव चार-पाच हात बदलत कोकणात पोचेपर्यंत सोन्याला आणि धान्याला हपापलेला दैत्य झाला होता. उसनवारीची ही साखळी कळल्यावर धारपांचं महत्त्व कमी होतं असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. परक्या माजघरातली आजी त्यांनी आपल्या माजघरात अशी बसवली की तिला आता कोणी परकी म्हणत नाही.

आणि सिनेमातला हिशेब पूर्ण देशी आहे. हस्तरला सोनं मिळालं, धान्य नाही. म्हणून नायक विनायकराव कणकेची बाहुली घेऊन त्याच्या विहिरीत उतरतो आणि तो पिठावर तुटून पडला की मुद्रा उचलून पळतो. प्रत्येक खेपेला मोजकंच. पोरगा हुशार निघतो, म्हणतो एकदाच सगळं उचलू. बापापेक्षा पोराची हाव मोठी, हे व्यापारी गावात समजावून सांगावं लागत नाही. ‘जालना सोने का पालना’ असं आमच्या गावाबद्दल जुन्या काळापासून म्हणतात. हा सिनेमा बघताना त्या म्हणीतला पाळणा जरा जास्तच खोल वाटायला लागतो.

आता रामसे बंधू. त्यांना टाळून भयपटांवर लिहिणारे लोक बहुधा नंतर कुठेतरी चोरून त्यांचे सिनेमे बघतात. 1970 च्या ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’मध्ये पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तो एक प्रसंग होता. सिनेमा पडला, पण तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा येतात हे तुलसी आणि श्याम रामसेंनी हेरलं. 1972 मध्ये ‘दो गज ज़मीन के नीचे’ आला, महाबळेश्वरला चित्रित केलेला, आणि कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन बहुतेक घरातल्याच भावांनी सांभाळलेलं. हे सिनेमे मोठ्या शहरांच्या जिवावर चालले नाहीत, लहान शहरांतल्या आणि तालुक्यांतल्या थेटरांवर चालले. पुढे भाड्याचा व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन कॅसेटी, आणि तिसरी ठरलेली भुताची.

त्यातला ‘पुराना मंदिर’ (1984) मी या दिवसांत आवर्जून बघायला सांगेन. त्यातला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. उंचीमुळे आणि चेहऱ्यामुळे त्यांना फारसा मेकअप लागतच नसे. नाच-गाणी, विनोदाचा भाग, सगळं ओलांडून मूळ कल्पनेपाशी या: राजाने मारलेला सामरी मरताना शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पूर्वजाचा दोष, आणि फेड सुनांच्या पोटातून. रामसेंना समाजशास्त्र सांगायचं नव्हतं, तिकिटं विकायची होती. पण आपल्या माजघराची भीती कशात आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट खटकते ती लिहितो. पडद्यावर भूत अंगात येतं आणि मांत्रिक किंवा बाबा ते काढतो, तेव्हा मुंबईतला प्रेक्षक पॉपकॉर्न संपवून घरी जातो. पण जालन्याहून देऊळगाव राजामार्गे चिखलीकडे गेलं की पुढे पिंपळगाव सराईला सैलानीबाबाचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मराठवाडा-विदर्भातून ‘बाहेरचं झालंय’ अशी माणसं आणली जातात. त्यांतली किती मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवी होती हे नुसतं बघूनही समजतं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणून मला मांत्रिक जिंकतो ते सिनेमे आवडत नाहीत, कितीही चांगले घेतलेले असोत. भूत ज्यांत फिर्यादी असतं, ते आवडतात. शेखर ताम्हाणेंच्या नाटकावरचा ‘सविता दामोदर परांजपे’ (2018) त्या बाजूचा आहे. रीमा लागूंनी गाजवलेलं ते नाटक ज्यांनी पाहिलं ते सिनेमाला कमी गुण देतात, आणि ते स्वाभाविक आहे.

पण जालन्यात बसून एकच सिनेमा निवडायचा तर तो विशाल फुरियांचा ‘लपाछपी’. जुलै 2017 मध्ये आला. तुषारच्या मागे कर्जवसुलीचे गुंड लागलेत, म्हणून तो गरोदर बायकोला, नेहाला, घेऊन शहर सोडतो. ड्रायव्हर भाऊराव त्यांना आपल्या घरी नेतो. घर चारी बाजूंनी उसाने वेढलेलं. घरात तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ज्यांनी त्यांना तमाशापटांत ठसक्यात बघितलंय त्यांनी इथे त्यांचा हात बघावा, पोटुशीच्या पोटावर माया करत फिरणारा. त्या मायेची इतकी भीती वाटते की नंतर प्रत्यक्ष भूत आल्यावर जरा हायसं वाटतं. पूजा सावंतची नेहा बहुतेक वेळ एकटी आहे, आणि फडात मुलं लपाछपी खेळताहेत. (न पाहिलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

ती मुलं कोण, याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात जनगणनेच्या तक्त्यात आहे. 2011 मध्ये जालना जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 870 मुली होत्या. राज्याचा आकडा 894, शेजारच्या बीडचा 807. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. म्हणजे कायदा होऊन दोन दशकं उलटल्यावरचे हे आकडे. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण 2012 मध्ये उघड झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला, पण ज्यांच्या घरातल्या तीन लेकींनंतर अचानक मुलगाच जन्मला त्यांना आधीपासून माहीत होतं.

ऊसही उगाच आलेला नाही. अमेरिकन सिनेमात जी जागा मक्याच्या शेताची, ती इथे उसाची म्हणावी, तर तेवढंच नाही. दिवाळी उरकली की आमच्या जिल्ह्यातून, बीडमधून, जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. घरं बंद, म्हातारी माणसं मागे. उंच वाढलेल्या फडात दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही आणि हाक कुठून आली ते कळत नाही. तिथे चंद्रप्रकाशाची किंवा धुराच्या यंत्राची गरज पडत नाही. फुरियांनी दिवसाउजेडी भीती उभी केली आहे, आणि ते अंधारापेक्षा फार अवघड असतं. तुषार सावकाराचे पैसे बुडवून पळतो आणि जिथे लपतो तिथे त्याहून जुनी उधारी थकलेली असते.

2021 मध्ये फुरियांनीच हा सिनेमा हिंदीत ‘छोरी’ नावाने केला, नुसरत भरुचाला घेऊन. तो नीटस आहे, पैसा दिसतो. पण तुळसाबाईच्या बोलीतली लाडीगोडी हिंदीत उतरली नाही. मूळ मराठीच बघावा.

‘मुंज्या’ या रांगेत हलका. आदित्य सरपोतदारांचा, शंभर कोटींच्या वर गेलेला. त्याआधी त्यांनी ‘झोंबिवली’त झोंबी डोंबिवलीला आणले होते आणि त्यातही भांडण पाण्याचं नि जागेचं होतं. ‘मुंज्या’त मुंजीनंतर मेलेल्या पोराला लग्न हवंय, मनात बसलेली मुन्नी हवीय, आणि वारस म्हणून नातवाच्या पिढीने ते जमवून द्यावं अशी त्याची मागणी. संगणकातून काढलेलं ते माकडतोंडं पोर मला भीतीदायक वाटलं नाही, पण शेवटच्या फराळासोबत चालून जातं.

उरला तात्या विंचू. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ 1993 चा, अमेरिकेतल्या 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून बेतलेला. बाहुला रामदास पाध्यांचा, तात्या विंचू झालेले दिलीप प्रभावळकर, आणि घाबरणारा लक्ष्मीकांत बेर्डे. आमच्या पडद्यावरच्या भुतांमध्ये हा एकटाच असा की त्याचं कोणाकडे काही येणं नाही. त्याला नुसतं शरीर हवंय, आणि तेही लक्ष्याचं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब नसल्यामुळेच बहुधा घरातले सगळे मिळून त्याला हसू शकतात. भाऊबीजेला भाचरं जमली की हाच लावावा. ‘लपाछपी’ त्यांच्या आई-बापांसाठी, पोरं झोपल्यावर.