दोन भावांचे भांडण आणि पाचवा पंच

भावाभावांत वाद झाला की घराच्या मधोमध भिंत उभी राहते. हे आपल्या वस्त्यांना नवे नाही. पण भिंतीपलीकडून निदान पोरांचा आवाज येतो, सणासुदीला, मयतीला माणसे एकमेकांच्या दारात उभी राहतात. आशियात एक देश असा आहे, जिथे सत्तर वर्षांहून अधिक काळ भिंतीपलीकडच्या आईला साधे पोस्टकार्ड टाकता येत नाही. तो देश म्हणजे कोरिया.

भाषा एक, रक्त एक, इतिहास एक. इसवी सन ३७२ मध्ये तेथे बुद्धाचा धम्म पोहोचला. पुढे १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे हा देश जपानच्या टाचेखाली होता. १९४५ मध्ये जपान हरला आणि कोरियन माणसाला वाटले, आता आपले राज्य येणार. पण बड्या राष्ट्रांनी नकाशावर ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली. वर रशियाचे सैन्य, खाली अमेरिकेचे. ज्यांचा देश कापला, त्यांना कोणी विचारले नाही. १९४८ मध्ये दोन सरकारे स्थापन झाली आणि दोन्ही म्हणू लागली, सबंध कोरिया आमचाच!

२५ जून १९५० रोजी उत्तरेचे सैन्य दक्षिणेत घुसले. मग अमेरिका उतरली, चीन उतरला. तीन वर्षांत वीस लाखांहून अधिक माणसे मेली आणि सीमा जवळजवळ होती तेथेच राहिली. मरणारा कोण होता? शेतकरी, मजूर आणि त्यांची लेकरे.

युद्ध थांबेना, त्याचे एक मोठे कारण होते युद्धकैदी. हजारो कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचे करायचे काय, या एका प्रश्नावर बोलणी वर्षभराहून अधिक काळ अडली. अखेर भारताने राष्ट्रसंघात मांडलेल्या तोडग्याच्या धर्तीवर मार्ग निघाला. पाच राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. एका बाजूने स्वीडन व स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूने पोलंड व झेकोस्लोव्हाकिया आणि पाचवा, अध्यक्ष म्हणून, भारत.

वाचकहो, हे वाचून आपल्याला काही आठवले का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारायला निघाला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. त्याने सुचवले की आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा. संघाने बहुमताने ते फेटाळले. अडीच हजार वर्षांनी जगाला जवळपास तोच मार्ग धरावा लागला!

२७ जुलै १९५३ रोजी पानमुनजॉम येथे शस्त्रसंधी झाली. पाच राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूर भागातले मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांना सीमेवर नेले. सुमारे तेवीस हजार संतापलेले कैदी त्यांनी सांभाळले. दोन्हीकडे जायला नकार देणारे ८८ जण १९५४ मध्ये आपल्या जवानांबरोबर भारतात आले.

शस्त्रे थांबली, पण शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. चार किलोमीटर रुंद, अडीचशे किलोमीटर लांब पट्ट्याने देश चिरलेला आहे. ताटातूट इतकी, की १९८३ मध्ये सेऊलच्या दूरदर्शनने दक्षिणेतल्याच हरवलेल्या नातेवाइकांचा कार्यक्रम सुरू केला तर तो १३८ दिवस चालला. छातीवर पाट्या धरून माणसे उभी राहिली आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबे एकमेकांना सापडली.

समेटाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९७२ मध्ये संयुक्त निवेदन निघाले. १९९१ मध्ये दोघेही राष्ट्रसंघाचे सभासद झाले. जून २००० मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष किम दे जुंग प्याँगयांगला गेले आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. केसाँगला दक्षिणेच्या भांडवलावर कारखाने निघाले. तेथे उत्तरेचे पन्नास हजारांवर कामगार राबत होते. युद्धात जळालेले कुमगांग पर्वतावरचे सिंग्येसा बुद्धविहार दोन्हीकडच्या बौद्धांनी मिळून २००७ मध्ये पुन्हा उभारले.

पण अणुबाँब आणि अविश्वास आड आले. २०१६ मध्ये केसाँगचे कारखाने बंद पडले. २०१८ मध्ये दोन्ही नेत्यांनी हातात हात घालून सीमारेषा ओलांडली. २०२० मध्ये उत्तरेने संपर्क कार्यालयच स्फोटाने उडवले. २०२३ च्या अखेरीस किम जाँग उन यांनी जाहीर केले की दक्षिण आता आमची भाऊबंद नाही, शत्रू राष्ट्र आहे. २०२४ मध्ये जोडरस्तेही उडवले. २०२५ मध्ये दक्षिणेचे नवे अध्यक्ष ली जे म्युंग यांनी सीमेवरचे प्रचाराचे कर्णे बंद केले, एवढीच फुंकर.

या राजकारणात भरडली जातात ती म्हातारी माणसे. २००० ते २०१८ या काळात ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटींच्या एकवीस फेऱ्या झाल्या. दक्षिणेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. त्यांतले बहुतेक भेटीविनाच वारले. ज्यांना भेट मिळाली, तीही काही तासांची. नव्वदीची आई आणि सत्तरीचा मुलगा भेटले, आणि बसच्या काचेवर हात ठेवून कायमचे दुरावले.

बाबासाहेब लिहितात, शाक्य-कोलियांचा वाद लवादाकडे गेल्याची बातमी गृहत्याग केलेल्या सिद्धार्थाला कळली. पण त्याचे समाधान झाले नाही. युद्ध टळले म्हणून माणसामाणसांतला संघर्ष संपत नाही, हे त्याने ओळखले आणि तो उत्तराच्या शोधात पुढे निघाला. कोरियात युद्ध थांबले, संघर्ष थांबला नाही. पंच बंदुका खाली ठेवायला लावू शकतो, मनातले वैर ज्याचे त्यानेच काढायचे असते.

आपल्याही घरात एखादी भिंत असेल. पलीकडे म्हातारे कोणी असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आपल्याला तर फक्त उंबराच ओलांडायचा आहे.