कवीच्या हातून निसटलेले नाताळगीत

नाताळ जवळ आला की मुंबई-पुण्यातील चर्चमधून, आणि अलीकडे मॉलमधील ध्वनिक्षेपकांवरूनही, 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' हे इंग्रजी गीत हमखास कानी पडते. मेथडिस्ट चळवळीचे एक प्रवर्तक चार्ल्स वेस्ली यांची ही रचना. मात्र आज गायले जाणारे शब्द सर्वस्वी त्यांचे नाहीत, आणि चाल तर मुळीच नाही.

मे १७३८ मध्ये चार्ल्स आणि त्यांचे थोरले बंधू जॉन यांना तीन दिवसांच्या अंतराने आध्यात्मिक जागृतीचा अनुभव आला. पुढच्याच वर्षी दोघांच्या संग्रहात हे गीत छापले गेले. चार-चार ओळींची दहा कडवी होती. पहिल्या ओळीत देवदूत नव्हतेच. तेथे 'वेल्किन' हा आकाशाच्या घुमटासाठीचा जुना इंग्रजी शब्द होता. १७५३ मध्ये त्यांचे स्नेही, ख्यातनाम प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी आपल्या संग्रहात तो शब्द वगळून देवदूतांना आणले. लोकांच्या ओठी बसली ती व्हाइटफील्ड यांचीच ओळ, हे मान्य करावे लागेल.

अशा दुरुस्त्यांचा जॉन वेस्ली यांना मनस्वी तिटकारा होता. १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी बजावले, की आमची गीते खुशाल छापा, पण सुधारू नका. सुधारायचीच असतील तर मूळ पाठ समासात किंवा पानाच्या तळाशी द्या. आजच्या संपादकांनीही ध्यानात ठेवावी अशी ही अट आहे.

चालीची कथा याहून चमत्कारिक. जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन यांनी ती १८४० मध्ये मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्धापनोत्सवासाठी, गुटेनबर्गच्या गौरवार्थ रचली होती. धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही, असे त्यांचे स्वतःचे मत होते. त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्ज या इंग्रज ऑर्गनवादकाने नेमकी तीच चाल वेस्लींच्या शब्दांना जोडली.

मूळ शब्द कोणते आणि नंतरचे कोणते, हे आज सांगता येते ते जुन्या आवृत्त्या जपल्या गेल्या म्हणून. वेस्ली बंधूंची हस्तलिखिते व पत्रे मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातील मेथडिस्ट संग्रहात आहेत. चार्ल्स यांच्या रोजनिशीचा काही भाग लघुलिपीत असल्याने दीर्घकाळ अवाचनीय राहिला होता. प्रा. केनेथ न्यूपोर्ट यांनी नऊ वर्षे खपून तो उलगडल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. चळवळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघेल, ही चार्ल्स यांची तळमळ त्यातून समोर आली.

पुढे झालेही तसेच. स्वतः चार्ल्स यांनी मात्र मेथडिस्टांच्या दफनभूमीत विसावा घेण्यास नकार दिला. १७८८ मध्ये त्यांना लंडनच्या मेरिलबोन येथील अधिकृत चर्चच्या आवारात पुरण्यात आले.