ऑफिसचा संगणक मराठी बोलाय लागला

दसऱ्याला आठवडाभर गावी जाणार म्हटलं की पुण्यातले मित्र विचारतात, "आत्ता कसली सुट्टी?" त्यांच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असायची. निपाणी भागातल्या शाळा, मराठी असल्या तरी, कर्नाटकच्या वेळापत्रकावर चालतात. आमची सुट्टी दसऱ्यात. २०२५ च्या दसऱ्याला मी माझ्या जुन्या शाळेच्या संगणक खोलीत जाऊन बसलो, कारण हेडसरांचा फोन आला होता.

शाळेत १८ संगणक आहेत. सगळ्यांवर विंडोज १०, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट बंद होणार होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती या जुन्या यंत्रांत नाही. सर म्हणाले, "भंगारात घालायचे म्हणतायत कमिटीवाले. तुला काय वाटतंय बघ." मला डेबियन लिनक्स घालावं असं वाटत होतं. तेरावी आवृत्ती ऑगस्टमध्येच आली होती.

एक पेनड्राइव्ह घेऊन १८ यंत्रांपुढे पाळीपाळीने बसलो असतो तर सुट्टी संपली असती. शिवाय शाळेचं इंटरनेट बैलगाडीच्या चालीचं. म्हणून माझ्या लॅपटॉपलाच सर्व्हर केलं आणि सगळ्यांना नेटवर्कवरून वाढायचं ठरवलं. पंगतीत बसलेल्याला जागेवरून उठावं लागत नाही, तसंच.

याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने १९९९ मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि आजही बहुतेक संगणकांत ती असते. संगणक सुरू होताना डिस्ककडे न बघता नेटवर्क कार्ड हाक मारतं, "मला कुणी पत्ता देईल का? आणि काय चालवू?" डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, कुठली फाईल कुठून घ्यायची तेही सांगतो. ती छोटी फाईल टीएफटीपीने येते. टीएफटीपी १९८१ मध्ये प्रमाणित झालेलं, अगदी भोळं: ५१२ बाइटचा एक घास पाठवायचा, मिळाल्याची पोच आली की पुढचा. इतकं साधं, म्हणूनच कार्डावरच्या चिमुकल्या चिपमध्ये मावतं. त्या फाईलने मेनू दिसतो, मग लिनक्सचा गाभा आणि इन्स्टॉलर उतरतात. पुढची पॅकेजेस इंटरनेटवरून यायची असतात. तिथे मी अ‍ॅप्ट-कॅशर बसवला. पहिल्या संगणकासाठी उतरलेलं पॅकेज माझ्या लॅपटॉपवर साठतं, बाकीच्यांना तिथूनच मिळतं. पहिल्या यंत्राला संध्याकाळ झाली. नंतरची मी पाच-पाचच्या गटाने लावली.

इन्स्टॉलरचे प्रश्नही दर वेळी कोण सोडवणार? उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात, त्या फाईलला प्रीसीड म्हणतात. भाषा मराठी, वेळ भारतीय, डिस्क पूर्ण पुसून टाक, विचारू नको. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, पण फक्त चित्रमय स्वरूपात. साध्या अक्षरी पडद्याला आपली जोडाक्षरं झेपत नाहीत.

आता माझी चूक. शाळेच्या राउटरमध्ये पत्ते वाटणारा डीएचसीपी आधीच होता. एका वाड्यात दोन कारभारी नकोत, म्हणून मी माझ्याकडचा डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालवला: पत्ते राउटरने द्यायचे, फाईलचं नाव मी सांगायचं. हे चाललं, पण त्याच राउटरला ऑफिसही जोडलेलं होतं. आणि मेनूत दहा सेकंद कुणी काही निवडलं नाही तर आपोआप इन्स्टॉल सुरू, असं मीच ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आली. ऑफिसच्या संगणकातली छोटी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे त्याच्या सेटिंग मूळपदावर गेल्या. मूळ क्रमात नेटवर्क आधी, डिस्क नंतर. एरवी हाकेला ओ द्यायला कुणी नसायचं, त्यामुळे ते कधी कळलंच नव्हतं.

शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "सर, ऑफिसचा संगणक मराठी बोलाय लागलाय की वो!"

मला क्षणभर आनंद झाला. मग मी धावलो. वायर उपटेपर्यंत डिस्कची नवी वाटणी झाली होती. रात्री टेस्टडिस्क चालवून बरंच परत आणलं, पण दहावीच्या सहामाहीच्या गुणांची फाईल उघडेना. क्लार्कबाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून गुणांचं हातानं लिहिलेलं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. दोन संध्याकाळी त्या वाचत होत्या आणि मी भरत होतो. मधे एकदा त्यांनी चहा मागवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दोन बदल केले. मेनूत आपोआप होणारी गोष्ट एकच: आपल्या डिस्कवरून सुरू हो. आणि संगणक खोलीचा स्विच राउटरपासून तोडला. पत्ते आणि फाईल दोन्ही माझा लॅपटॉप देणार, इंटरनेट त्याच्या वायफायमधून येणार. तुमच्यापैकी कुणी हा उद्योग करणार असेल तर हे दोन्ही आधी करा, मेनू नंतर सजवा.

दोन यंत्रं ३२ बिटची निघाली. डेबियन १३ चा इन्स्टॉलर त्यांच्यासाठी नाहीच. मेनूत बाराव्या आवृत्तीची ओळ वाढवली, तीही उठली.

शेवटच्या दिवशी सरांनी गावातली आठ-दहा मुलं बोलावली. घरी मराठी, बाजारात दोन्ही, शाळेत कन्नडचा तास. मी कीबोर्डला मराठी आणि कन्नड दोन्हीचे इनस्क्रिप्ट लावून ठेवले होते. आठवीतल्या एका मुलीने मराठीत 'कमल' लिहिलं, भाषा बदलली आणि बोटं न हलवता त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या. कन्नडमध्येही 'कमल'च उमटलं. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांचे सारखे उच्चार सारख्याच कळेवर ठेवलेले आहेत. हे मला ठाऊक होतं, पण असं करून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

"मग दोनदा शिकायचं न्हाई?" तिने विचारलं, आणि शेजारच्या मुलाला ढकलून त्याचं नाव लिहायला घेतलं.