पोटखराब्यातला ओढा

सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या आकड्याखाली पोटखराबा म्हणून एक नोंद असते. खरेदीखत करणारा तिच्याकडे फारसे पाहत नाही, विकणारा ती मोघम सांगून मोकळा होतो, आणि दलाल तर 'तो नावाचाच खराबा, मुरूम टाकला की झाले' असे म्हणून बोलणे पुढे रेटतो. परंतु मुळशी तालुक्यातील नेरे गावासारख्या शिवारात, जिथे डोंगरउतारावरचे पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरत, लहानसहान ओहोळांना मिळत, अखेरीस ओढ्याला लागते, तिथे सबंध शिवाराच्या पावसाळ्याची भिस्त या चार-दोन गुंठ्यांच्या आकड्यावर असते.

महसुली नियमांनी पोटखराब्याचे दोन वर्ग केले आहेत, आणि हा भेद जमीन घेणाऱ्या प्रत्येक इसमाने समजून घेण्यासारखा आहे. वर्ग 'अ' म्हणजे मोजणीच्या वेळी शेतीला निरुपयोगी ठरलेली जमीन, खडक, खळे, गोठ्याची जागा वगैरे. ती कब्जेदाराने पुढे कष्ट करून लागवडीखाली आणली तर कोणाची हरकत नसते. वर्ग 'ब' मात्र निराळा. रस्ता, पायवाट, स्मशान यांच्याबरोबर, कब्जेदाराखेरीज इतर लोक सिंचनासाठी, पिण्यासाठी वा घरगुती वापरासाठी ज्याचे पाणी घेतात असा ओढा किंवा तळे यांखालची जमीन या वर्गात मोडते. तिच्यावर सारा आकारला जात नाही, याचे कारण ती निकस आहे हे नसून तिचा उपभोग एकट्या कब्जेदाराचा नाही हे आहे. शिवाय, जे ओढे, नाले व त्यांची पात्रे कोणाच्या खाजगी मालकीची नाहीत ती शासनाची, असे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० ने सांगितलेलेच आहे. म्हणजे ज्या ओघळीवर उद्या बंगल्याचे फाटक उभे राहायचे असते, ती कित्येकदा विकणाऱ्याची नसतेच.

नेरे हे हिंजवडीच्या पाठीशी असलेले गाव. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, सांगवडे, गहुंजे आणि नेरे या सात गावांचा पिंपरी-चिंचवड महापालिकेत समावेश करावा हा प्रस्ताव कित्येक दिवस चर्चेत आहे. आणि ज्या गावाचे नाव अशा यादीत येते त्या गावात गुंठ्याचा भाव वाढण्याच्या आधीच मुरमाचे डंपर फिरू लागतात, हा पुण्याच्या चारी बाजूंचा अनुभव. मारुंजी ओलांडून कासारसाईच्या रस्त्याला लागले की इंद्रायणी भाताची हिरवी खाचरे आणि त्यांच्यामध्येच तांबड्या मुरमाने पुरुषभर उंच केलेले, पत्र्याने वा तारेने बंदिस्त केलेले तुकडे, असे ठिगळांचे दृश्य दिसते. त्या उंच केलेल्या तुकड्याच्या मालकाला विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगेल की आपण जमिनीची सुधारणा केली.

हा 'सुधारणा' शब्द मोठा प्रवास करून आला आहे. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाखाली शेतकऱ्याला तगाई मिळे ती विहीर खणण्यासाठी, ताल घालण्यासाठी, पाण्याचा निचरा करण्यासाठी. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने जी बांधबंदिस्ती झाली तिचा हेतू पावसाच्या पाण्याबरोबर शेताची माती वाहून जाऊ नये हा होता. त्या काळी सुधारणा म्हणजे पाण्याची वाट ओळखून तिच्याशी जमवून घेणे. आज त्याच शब्दाचा अर्थ जमीन रस्त्याच्या पातळीला आणणे, म्हणजे पाण्याची वाट बुजवणे, असा झाला आहे; आणि कायद्याच्या पुस्तकातील व्याख्येत सपाटीकरण हाही शब्द असल्यामुळे या नव्या अर्थाला जुन्याचा आडोसा आयताच मिळतो.

आता प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. समजा, आठ फूट रुंद आणि तीन फूट खोल असा एक ओढा आहे. मालक सज्जन आहे, त्याला पाणी अडवायचे नाही, म्हणून तो दोन फूट व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकून वरून भराव करतो आणि ओढा जपल्याचे समाधान मानतो. पात्राचा छेद होता चोवीस चौरस फुटांचा. पाइपचा भरतो तीन चौरस फुटांहून थोडा अधिक. साडेसात वाटांपैकी एकच वाट उरली, आणि तीही पहिल्या पावसात वाहून आलेल्या काटक्यांनी, गवताने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी अर्धी तुंबते. आषाढातल्या मोठ्या सरीचे पाणी मग वरच्या खाचरात फुगते. अशाच एका खाचराच्या बांधावर उभ्या असलेल्या वयस्क शेतकऱ्याने मला जे सांगितले त्यात सारे जलशास्त्र आले: "पाणी खालीच जाणार ना साहेब? खाली जागा राहिली नाही, मग ते माझ्यात थांबलं." त्याच्या पायाशी लावणीनंतर आठवडाभर बुडून राहिलेली रोपे पिवळी पडून कुजली होती. भाताला पाणी लागते म्हणून कितीही पाणी चालते असा शहरी समज आहे. पण रोपाचे शेंडे बुडाले की ते गुदमरते, आणि दाणा पक्व होताना खाचर निचरले नाही तर कापणी चिखलात होते, आणि मागून त्याच ओलीवर घ्यायचा हरभरा किंवा मसूर हातचा जातो.

ओढ्याच्या काठची पाणथळ तर हिशेबातही नसते. डोंगराच्या पायथ्याशी मुरमाच्या थरातून झिरपलेले पाणी खालचा कातळ लागला की वर फुटते. त्या उपळ्याच्या चिबड जमिनीत बैलाचा पाय रुततो म्हणून ती पडीक राहते, आणि खालच्या विहिरींना दिवाळीनंतरही पाणी टिकते ते बऱ्याच अंशी तिच्यासारख्या जागांमुळे. मृगाच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे ओढ्यातून वर येऊन याच उथळ पाण्यात अंडी घालतात. पाइपचे तोंड पात्राच्या तळापासून हातभर उंच राहिले तर ते तिथेच आपटत राहतात. आणि या पाणथळींना २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांचे छत्र मिळेल अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडावी: त्या नियमांच्या व्याख्येतून नदीनाल्यांची पात्रे आणि भातखाचरे स्पष्टपणे वगळलेली आहेत. नांदूरमध्यमेश्वर किंवा लोणार यांना रामसरचा मान मिळाला; नेऱ्याच्या चिबडीला फक्त तिचा मालक आहे.

म्हणून त्या मालकालाच चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्यावा आणि त्यावर ओढ्याची रेघ कोठून जाते ते मोजणी करूनच पाहावे, कारण वाहत्या पाण्याने पात्र सरकलेले असते आणि विकणाऱ्याचे बोट भलतीकडे दाखवत असते. जमीन भर पावसाळ्यात एकदा पाहिल्याशिवाय घेऊ नये. वैशाखात सगळ्याच जमिनी सपाट दिसतात. यंत्राचे काम भातकापणीनंतर काढून मृगाच्या पंधरा दिवस आधी बंद करावे, म्हणजे उकरलेली माती ओढ्यात जाणार नाही. मुरमाचा ढीग काठापासून दूर, वरच्या अंगाला, मधला गवताचा पट्टा शाबूत ठेवून करावा. मुरूम आणताना त्याच्या स्वामित्वधनाची पावती मागावी, कारण विनापरवाना उत्खननाचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. काठची निरगुडी, करंज, उंबर, वाळुंज ही झाडे 'साफसफाई'त काढू नयेत. दरड त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते. आणि ओलांडणी हवीच असेल तर पाइप टाकण्याऐवजी पात्राच्या पूर्ण रुंदीची मोरी बांधावी. खर्च जास्त येतो हे खरे, पण बंगल्याच्या कमानीवर होणाऱ्या खर्चाहून तो सहसा अधिक नसतो.

हे न केल्याचे परिणाम पुणेकरांनी पाहिलेले आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घरे आणि माणसे नेली. याच मुळशी तालुक्यात भुकूमजवळ खाटपेवाडीला उगम पावणारी रामनदी बावधन-पाषाणपर्यंत येता येता जागोजाग नाला होऊन बसली. आणि २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कातले रस्ते तुंबले तेव्हा नैसर्गिक ओढे बुजवल्याची, वळवल्याची ओरड झाली आणि नोटिसाही निघाल्या. नोटीस निघते ती पाणी येऊन गेल्यावर.

मला तर वाटते, नवा कायदा मागण्यापेक्षा जुना वापरावा. नैसर्गिक पात्रातून येणारा प्रवाह अडथळ्याविना आपल्या हद्दीतून वाहावा हा जमीनधारकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेला आहे. आणि तो बजावून घेण्याचा स्वस्त मार्ग १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमात आहे. शेतीच्या, चराईच्या वा झाडांच्या जमिनीत उगवणारे किंवा तिच्यावर पडणारे पाणी शेजारच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहत असताना कोणी बेकायदा अटकाव उभा केला आणि त्यामुळे जमिनीचे वा पिकाचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर तो अटकाव काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. इतकेच नव्हे, तर अटकाव करण्याचा नुसता प्रयत्न चालू असला तरी मनाई करू शकतात. शेतरस्त्याच्या भांडणांसाठी हे कलम रोज वापरले जाते, पाण्यासाठी मात्र त्याची आठवण क्वचितच होते.

अडचण मुदतीची आहे. अटकाव प्रथम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. भराव पडतो मार्गशीर्षात, आणि शेतात पाणी फुगते आषाढात. मधले सात महिने शेजारधर्म म्हणून, किंवा 'बघू पावसाळ्यात' म्हणून निघून जातात, आणि मग मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची यावरच वकिलांची भाषणे होतात. यासाठी वरच्या खाचराच्या धन्याने पावसाची वाट पाहू नये. शेजारी मुरमाचा पहिला डंपर रिता झाला त्याच आठवड्यात ओढ्याचा फोटो, गटाचा नकाशा आणि सातबाराचा उतारा घेऊन मुळशीच्या तहसील कचेरीत दाखल व्हावे. ती पौडला आहे.