पाण्यातला खांब कुठे कुजतो?

आज आधी एक कोडं. खाडीच्या चिखलात एक लाकडी खांब ठोकला आहे. त्याचा खालचा भाग चिखलात गाडलेला. मधला भाग भरतीला बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. वरचा भाग कायम हवेत. पन्नास वर्षांनी हा खांब उपसून काढला, तर त्याचा सगळ्यात धड भाग कोणता निघेल? सांगा पाहू!

‘वरचा! तो तर कोरडाच की,’ असं म्हणालात ना? चुकलात बरं का! सगळ्यात धड निघेल तो चिखलात गाडलेला भाग. का, ते पुढे येईलच. पण आधी हे पाहू, की खांब कुजला काय नि राहिला काय, आपल्याला त्याचं काय?

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आहे. वाशी, वढाव, शिर्की ही तिथल्या खारेपाटातली गावं. इथली बरीच भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. समुद्राला बाहेर थोपवून धरतात ते मातीचे लांबलचक बांध, म्हणजे खारबंदिस्ती. पण पावसाचं पाणी शेतातून बाहेर जायला तर हवं! त्यासाठी बांधात जागोजागी उघाडी ठेवलेली असते. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर टांगलेली झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना राखणदार. आहे की नाही गंमत?

जुन्या उघाड्यांच्या झडपा लाकडी असत. आता अनेक ठिकाणी लोखंडी किंवा फायबरच्या बसवतात. लाकडी झडपेची फळी कुजली, तर भोक पडतं. भोकातून पाणी, पाण्याबरोबर माती, आणि बघता बघता बांधाला खांड जाते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही. एका फळीपायी गावाचा घास जातो! म्हणूनच खार जमिनींच्या रक्षणासाठी १९४८ साली मुंबई प्रांतात कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला.

जे झडपेचं, तेच धक्क्याचं. खाडीकाठी किंवा बंदरात लाकडी खांबांवर धक्का उभा असेल आणि त्यावर एखादी गोदामाची किंवा तिकीटघराची इमारत असेल, तर तिचा सगळा भार त्या खांबांवर. वर माणसं ये-जा करतात, आणि खाली काय चाललंय ते कुणाला दिसतच नाही.

तीन मजल्यांचा खांब

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं? बुरशी ते खाते. भिंतीवर दिसते त्याच जातीची नाही, पण त्याच कुळातली. या बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, ओल, हवा आणि थोडी ऊब. यातली एक जरी काढून घेतली, तरी तिचं काही चालत नाही.

आता आपल्या खांबाकडे पाहा. चिखलातल्या भागाला ओल भरपूर, पण हवाच नाही. म्हणून तिथे बुरशी उपाशी! हॉलंडमधल्या अॅमस्टरडॅमचा राजवाडा सतराव्या शतकात १३,६५९ लाकडी खांबांवर बांधला. ते खांब जमिनीखाली पाण्यात बुडालेले आहेत, आणि राजवाडा आजही उभा आहे.

वरच्या भागाला हवा आहे, आणि पावसाळ्यात ओलही. खांबाच्या डोक्यावर तुळई टेकते तिथे, खिळ्या-बोल्टांच्या भोकांत आणि दोन लाकडांच्या सांध्यांत पाणी साचून राहतं. बुरशी नेमकी तिथेच मुक्काम ठोकते. बाहेरून रंग चकचकीत, आत भुगा!

आणि मधला भाग? दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. हिशेब करा पाहू! वर्षाला ७०० पेक्षा जास्त वेळा हा भाग भिजतो आणि उघडा पडतो. इथे बुरशीपेक्षा मोठे चोर राहतात.

दोन चोर

पहिला चोर ग्रिबल. झिंग्याच्या दूरच्या नात्यातला, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. हा खांबाला बाहेरून कुरतडतो. लाट तो कुरतडलेला भाग धुऊन नेते, मग हा पुढचा थर खातो. असं करता करता भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांब बारीक होत जातो आणि त्याचा आकार चक्क डमरूसारखा होतो! हा चोर निदान दिसतो तरी.

दुसरा मात्र महालबाड. इंग्रजीत त्याला ‘शिपवर्म’, म्हणजे जहाजाचा किडा म्हणतात. पण तो किडा नाहीच. तुम्ही ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं गोळा करता ना? हा त्यांचाच भाऊबंद, म्हणजे शिंपलाच! फक्त त्याचं अंग लांब, अळीसारखं मऊ, आणि शिंपले डोक्याशी इवलेसे, कानशीसारखे खरबरीत. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदा खणत मोठा होतो. काही जाती हातभर लांब होतात. बाहेरून दिसतं ते फक्त टाचणीएवढं भोक. आतून खांबाची चाळण!

या शिंपल्याने मोठमोठ्यांना रडवलं आहे. हॉलंडमध्येही आपल्या खारेपाटासारखीच समुद्रपातळीखालची शेतं आणि बांध आहेत. तिथल्या बांधांना समुद्राच्या बाजूने लाकडाचं चिलखत होतं. १७३१ साली लक्षात आलं, की ते या शिंपल्याने पोखरून टाकलं आहे. शेवटी लाकूड काढून दगड रचावे लागले. मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनियरने मात्र याच शिंपल्याकडून धडा घेतला. डोक्याने खणायचं आणि मागे बोगद्याला अस्तर लावत जायचं, ही त्याची रीत पाहून त्याला यंत्र सुचलं, असं सांगतात. त्या यंत्राने लंडनच्या थेम्स नदीखाली खणलेला बोगदा १८४३ साली खुला झाला.

खारं पाणी, गोडं पाणी

या शिंपल्याची एक खोड लक्षात ठेवा. त्याला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात तो तगत नाही. आता रोह्याची कुंडलिका नदी डोळ्यांपुढे आणा. रेवदंड्याला ती समुद्राला मिळते, तिथे पाणी खारट. भरतीचं पाणी वर पार रोहा-अष्टमीपर्यंत येतं, पण तिथे नदीचं गोडं पाणी त्यात मिसळतं. म्हणजे एकाच नदीवर, एकाच जातीच्या लाकडाचे दोन खांब ठोकले, तरी त्यांना धोका सारखा नसतो. खालच्या अंगाला शिंपल्याची भीती जास्त. वरच्या अंगाला ती कमी, पण बुरशी मात्र दोन्हीकडे!

पण ‘आमच्याकडे नाही तो’ म्हणून निर्धास्त राहायचं नाही हं! अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागात नद्यांचं पाणी येतं. तिथे पाणी पुरेसं गोडं आहे, म्हणून लोक बिनधास्त साध्या लाकडाचे धक्के बांधत. मग पाऊस कमी झाला, नद्यांचं पाणी घटलं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकलं. पाठोपाठ शिंपलाही आला. १९१९ ते १९२१ या काळात तिथले कितीतरी धक्के कोसळले. काही तर वरच्या गोदामांसकट!

दुरुस्ती कशी करतात?

समजा, अशाच एका जुन्या इमारतीखालचे खांब दुरुस्त करायचे आहेत. सगळे उपटून नवे घालायचे का? छे! आजारी दात एक असेल, तर कुणी बत्तिशी काढत नाही.

पहिलं काम, तपासणी. मोठ्या ओहोटीच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, कामगार खाली उतरतात. आधी खांबावरचा शेवाळ-कालवांचा थर खरवडतात. मग हातोडीने ठोकून पाहतात. धड लाकूड ‘टण्’ वाजतं, पोकळ लाकूड ‘भद्’. शंका आली तर गिरमिटाने बारीक भोक पाडतात. आतून कोरडा, फिकट, दोरीसारखा भुसा आला तर ठीक. काळपट, ओलसर चुरा आला किंवा गिरमिट एकदम आत गेलं, तर समजायचं, आत पोकळी आहे. तपासून झालं की ते भोक लाकडी खुंटीने गच्च बुजवतात. नाहीतर चोराला आपणच दार उघडून दिल्यासारखं व्हायचं!

दुसरं काम, भार उतरवणं. खांब कापायच्या आधी त्याच्यावरचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला हवं. शेजारी मजबूत धिरे लावतात आणि जॅकने तुळई हळूहळू, केसाकेसाने वर घेतात. उद्देश इमारत उचलायचा नसतो, फक्त भार काढून घ्यायचा असतो. घाई केली तर वरच्या भिंतींना तडे गेलेच म्हणून समजा.

तिसरं काम, कुजकं काढणं. चिखलातला बुंधा धड असतो, हे आपलं कोडं इथे कामाला येतं! तो तसाच ठेवायचा. पोखरलेला मधला भाग कापायचा, पण धड लाकूड लागेपर्यंत कापायचा. लोभाने थोडं कुजकं ठेवलं, तर तेच पुढे नव्याला लागतं. मग नवा तुकडा जोडायचा. जुन्या-नव्या टोकांना अर्धी-अर्धी खाच पाडून ती एकमेकांत बसवतात आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टांनी आवळतात. खांब नुसता बारीक झाला असेल, तर त्याच्याभोवती साचा बसवून काँक्रीटचं कवच ओततात. पोखरायला नुकती सुरुवात झाली असेल, तर खांबाला जाड प्लास्टिक गच्च गुंडाळतात. आतल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि चोर आतच गुदमरतात.

चौथं काम, नव्या लाकडाची काळजी. डांबरापासून काढलेलं क्रिओसोट तेल किंवा तांब्याचे क्षार दाबाखाली लाकडाच्या पोटात भरतात. त्यामुळे चोरांना ते खाववत नाही. खांबाच्या डोक्यावर पाणी साचू नये म्हणून पत्र्याची टोपी घालतात. सगळ्यात शेवटी जॅक सैल करतात. तोही केसाकेसाने!

नीट निवडलेलं आणि जपलेलं लाकूड किती टिकतं म्हणता? मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानी लढाऊ जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ सालचं. वारंवार दुरुस्त करत आणलेलं हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगतं आहे. आणि १८१३ सालचं ‘कॉर्नवॉलिस’? ते म्हातारं झाल्यावर १८६५ साली इंग्लंडमधल्या शीअरनेस बंदरात त्याचा चक्क धक्का केला! १९५७ साली ते मोडीत निघालं.

तुम्ही करून पाहा

खाडीचा चिखल फार फसवा असतो. तिथे मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका आणि कुठल्याही धक्क्याखाली शिरू नका. तुमचा अभ्यास घरीच होईल. कोकणातल्या जुन्या घरांच्या पडवीत लाकडी खांब असतात. ते थेट मातीत पुरलेले नसतात, दगडी तळखड्यावर उभे असतात. का, ते आता तुम्हीच सांगाल! मातीतली ओल आणि बाहेरची हवा जिथे भेटतात, नेमकी तिथेच बुरशीची पंगत बसते. तळखडा खांबाला त्या ओलीपासून उचलून धरतो.

या रविवारी आजोबांना किंवा बाबांना बरोबर घ्या. खांबाच्या पायथ्याशी, मध्यावर आणि वर तुळईपाशी लाकडी हातोडीने हलकेच ठोका आणि कान देऊन ऐका. तिन्ही जागी ‘टण्’ वाजलं तर शाब्बास! कुठे ‘भद्’ वाजलं, तर तिथे खडूने फुली मारा आणि पावसाळ्याआधी सुताराला दाखवा. तेव्हा वीतभर लाकडात भागेल. दोन पावसाळे गेले, तर खांबच बदलावा लागेल.