ताकद आणि ताबा

"बायकांना काय कळतंय गाडीतलं?" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! मीही ऐकत आले. पण आमच्या अंथुर्ण्याच्या शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या शेठ वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. आपली 'पद्मिनी' मोटार त्याच कंपनीची. मर्सिडीजची जुळणीही १९९५ पासून आपल्याच पुणे जिल्ह्यात होते. मग हे वेड आपल्यालाच परकं का?

गेल्या दिवाळीत भाचा तसली गाडी घेऊन आला. "मावशी, पुढं बस," म्हणाला. बारामतीच्या रस्त्यावर पुढं उसाची ट्रॉली रडतखडत चाललेली. समोर मोकळं दिसताच त्यानं पाय जरासा दाबला, न् माझी पाठ सीटला चिकटली. ट्रॉली मागं! हिसका नाही की गोंगाट नाही. वळणावर रुंद टायर रस्ता सोडत नव्हते, ब्रेक लावला की गाडी सरळ थांबत होती. जाड बुडाचं पातेलं मोठ्या आचेवरही करपू देत नाही ना, तसंच! ताकद भरपूर, पण सगळी ताब्यात. गंमत आहे ती याचीच.

"आता तू चालव," भाचा म्हणाला. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. वर्गात मुलींना 'धीट व्हा' सांगणारी मी! रात्री झोप लागली नाही.

सकाळी ह्यांना म्हटलं, "आपल्या जुन्या मारुतीवर मला शिकायचंय." हे हसले. दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा नाही हसले. आधी शिकाऊ लायसन काढलं, यंदा पक्कं आलं.

मैत्रिणींनो, शिकताना आधी ब्रेकवर पाय बसू द्या. वेगाचं मग बघू!